साताऱ्याचं घर विकून पुण्यात थ्री बीएचके घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा. नवरा ३८, बायको ३६, दोघांची नोकरी, मुलगी चौथीत. वारज्यात टू बीएचके भाड्यानं, भाडं २४ हजार. नवऱ्याचे आई-बाबा, ६६ आणि ७१ वर्षांचे, साताऱ्यात स्वतः बांधलेल्या बैठ्या घरात राहतात. बाबांना पेन्शन आहे, आईचे गुडघे कुरकुरतात, बहीण लग्न होऊन कोल्हापुरात. बेत असा की साताऱ्याचं घर ६० लाखांना विकायचं, स्वतःची ३० लाखांची शिल्लक घालायची, बाकी लोन काढायचं आणि बावधन-बाणेरकडे १ कोटी ३५ लाखांपर्यंत थ्री बीएचके घेऊन सगळ्यांनी एकत्र राहायचं. विचारलं आहे ते एवढंच: नवं बांधकाम घ्यावं की रिसेल, आणि घर कुणाच्या नावावर करावं? जाता जाता एक वाक्य आहे: ‘बाबा म्हणतात, तुम्ही ठरवाल ते.’

मी कोथरूड, वारजे, बावधन या पट्ट्यात घरांच्या खरेदी-विक्रीचं आणि भाड्याचं काम करते. महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, येण्याच्या बऱ्याच आधीपासून करते. थ्री बीएचकेच्या सौद्यात माझ्यासारखीचं कमिशन जास्त असतं. तरीही माझं उत्तर तुमच्या बेताच्या विरुद्ध आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही विचारलेले दोन्ही प्रश्न नंतरचे आहेत. आधीचा प्रश्न असा की एकच घर तीन वयांना पुरेल का, आणि पुरेल तर किती वर्षं? मुलगी आज दहा वर्षांची धरू. आठ वर्षांनी ती बारावी होईल आणि कदाचित दुसऱ्या गावी शिकायला जाईल. तेव्हा बाबा ७९ चे, आई ७४ ची, तुम्ही ४६ चे, आणि वीस वर्षांच्या लोनची बारा वर्षं अजून बाकी. म्हणजे तिसरी खोली सगळ्यात जास्त लागेल ती या आठ-दहा वर्षांत, हप्ता मात्र वीस वर्षं. शिवाय आई-बाबांना आज हवं असलेलं घर आणि ते ऐंशीच्या घरात गेल्यावर हवं असणारं घर यांतही फरक पडतो. आज त्यांना मोकळेपण हवं, तेव्हा रात्री हाकेच्या अंतरावर माणूस हवं.

दुसरी गोष्ट, या सगळ्या बेतात परत फिरवता न येणारी पायरी एकच आहे, साताऱ्याचं घर विकणं. पुण्यातला फ्लॅट विकता येतो, बदलता येतो, भाड्यानं देता येतो. साताऱ्यातलं बैठं घर एकदा गेलं की त्या गल्लीत, त्या शेजारात, त्या पैशात पुन्हा मिळत नाही. आणि तुम्ही नेमकी तीच पायरी सगळ्यात आधी ठेवली आहे. माझा सल्ला या क्रमाबद्दल आहे.

आधी आकडे मांडू. १ कोटी ३५ लाखांच्या फ्लॅटवर पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क अधिभारांसह ७ टक्के, म्हणजे ९ लाख ४५ हजार. नोंदणी फी ३० हजार. रंग, पंखे, ओट्याखालची कपाटं, सामानाची ने-आण यांचे पाच लाख धरा. सगळं मिळून दीड कोटीच्या आसपास. साताऱ्याचे ६० आणि तुमचे ३० वजा केले की ६० लाखांचं लोन. साडेआठ टक्के व्याजानं वीस वर्षांसाठी हप्ता ५२ हजारांच्या थोडा वर येतो.

आता दुसरा हिशेब. साताऱ्याच्या घराला हातच लावायचा नाही. वारजे किंवा कर्वेनगरकडे रिसेलमधला ८५ लाखांचा टू बीएचके घ्यायचा. शुल्क आणि नोंदणी धरून ९१ लाख २५ हजार होतात. लोन ६५ लाख, तुमच्या खिशातून सव्वासव्वीस, हातात पावणेचार लाख उरतात. हप्ता साधारण ५६ हजार ४००. दोन्ही हप्त्यांत फरक पडला महिन्याला सव्वाचार-साडेचार हजारांचा. एवढ्या फरकासाठी तुम्ही आई-बाबांचं अख्खं घर विकायला निघाला होता.

इथे एक अडचण सांगून ठेवते. ३० ते ७५ लाखांच्या लोनला बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, आणि मुद्रांक शुल्क त्या किमतीत सहसा धरत नाही. म्हणजे २० टक्के अधिक सगळं शुल्क हे रोखीनं तयार लागतं. तुमचे ३० लाख त्याला पुरतात, पण फार ऐसपैस पुरत नाहीत. घरात अडीअडचणीला ठेवलेली रक्कम या ३० लाखांतच मोजली असेल, तर ८५ च्या ऐवजी ७५-७८ लाखांचं घर बघा किंवा वर्षभर थांबा.

मग आई-बाबांचं काय? त्यांच्यासाठी तुमच्या आताच्या घरापासून चालत दहा मिनिटांच्या आत वन बीएचके भाड्यानं घ्या. लगेच, काही विकायच्या आणि घ्यायच्या आधी. आमच्या भागात लिफ्ट असलेल्या इमारतीत १५ ते १८ हजारांत मिळतो. साताऱ्याच्या घराला कुलूप राहू दे, भाड्यानं देऊ नका, म्हणजे मन लागलं नाही तर परतायला जागा राहते. महिन्यातून चार दिवस ते तिकडे जाऊन राहतील, बँकेची कामं करतील, झाडांना पाणी घालतील. असं एक वर्ष काढा आणि त्यात एक उन्हाळा व एक पावसाळा येऊ द्या.

हे वर्ष का मागते ते सांगते. सत्तरीनंतर गाव बदलताना माणसाला घरापेक्षा ओळखी जास्त लागतात. रोज सकाळी साताऱ्यातल्या ‘चार भिंती’ स्मारकाकडे फिरायला जाणारा, येताना दोन ठिकाणी थांबून गप्पा मारणारा माणूस बावधनच्या अकराव्या मजल्यावर आणून ठेवला तर पहिला महिना कौतुकात जातो. तिसऱ्या महिन्यापासून तो गॅलरीत उभा राहून रहदारी बघतो. काहींना पुणं मानवतं. भजनी मंडळ सापडतं, कट्टा जमतो, वाचनालय लागतं. कुणाला मानवेल हे आधी ओळखता येत नाही. मुलाला येत नाही आणि एजंटला तर मुळीच येत नाही. वर्षभराच्या भाड्याचे दोन लाख या माहितीची किंमत म्हणून मला कमीच वाटतात.

आणि ते ‘तुम्ही ठरवाल ते’. माझ्या कामात हे वाक्य मी फार ऐकते, आणि त्याला होकार समजायचं नाही हे शिकले आहे. बाबांना विचारताना आई समोर नको, आईला विचारताना बाबा नकोत, आणि सुनेनंही एकदा स्वतंत्रपणे विचारावं. ‘पुण्याला याल का?’ असं विचारू नका, त्याला हो म्हणण्यावाचून गत्यंतर नसतं. ‘तिकडे आलात तर इथलं काय काय सोडवणार नाही?’ असं विचारा. यादी मिळेल, आणि त्या यादीवरूनच घर कुठल्या भागात बघायचं ते ठरेल.

वर्ष संपलं आणि सगळ्यांचं जमलं, तर साताऱ्याचं घर खुशाल विका. पण त्या पैशातून बाबांच्या नावावर तुमच्या शेजारच्या गल्लीत वन बीएचके घ्या. आमच्याकडे ५० लाखांच्या आसपास बरा मिळतो. तुमचा ८५ चा आणि त्यांचा ५० चा मिळून किती होतात बघा, बरोबर १ कोटी ३५ लाख. ज्या किमतीत एक थ्री बीएचके येत होता त्याच किमतीत दोन दारं, दोन स्वयंपाकघरं आणि दोन टीव्ही आले. पुढे दोघांपैकी एकच मागे राहिलं, किंवा रात्री सोबत लागू लागली, तर ते तुमच्याकडे येतील आणि त्यांचा फ्लॅट भाड्यानं जाईल. तोवर मुलीची खोलीही मोकळी व्हायच्या बेतात असेल.

हे सगळ्यांना लागू नाही. आई किंवा बाबा आज एकटे असते, कुणाला विस्मरणाचा आजार असता, किंवा रात्री उठवायला माणूस लागत असतं, तर मी सरळ थ्री बीएचके म्हटलं असतं. तुमची मुलगी दोन वर्षांची असती आणि आजी-आजोबांवरच घर चालणार असतं, तरीही. तुमच्या घरात दोघं हिंडते-फिरते आहेत, नात शाळेत जाते आहे. म्हणून वेगळं पण जवळ.

आता नवं बांधकाम की रिसेल. २७ वर्षांच्या मुलानं विचारलं असतं तर मी महारेरावर प्रकल्पाची नोंदणी आणि ताबा द्यायची तारीख बघ म्हटलं असतं. करार नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांच्या वर पैसे देऊ नकोस म्हटलं असतं, कायदाच तसा आहे, आणि मग जा पुढे. त्याला तीन वर्षं थांबणं परवडतं. ७१ व्या वर्षी तीन वर्षं म्हणजे गुडघ्यांची तीन वर्षं. त्यात ताबा मिळेपर्यंत तुमच्यावर भाडंही आणि हप्ताही, वर बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) मिळालेल्या घराला तो लागत नाही. तेव्हा दोन्ही घरं तयारच घ्या.

रिसेलमध्ये मात्र वयस्क माणसांसाठी एक खास चौकशी करावी लागते, आणि ती फार कमी लोक करतात. सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे का? कोथरूड, कर्वेनगर, एरंडवण्यात जुन्या इमारती भराभर पाडल्या जात आहेत. गुंतवणूक म्हणून ते चांगलं असेलही. पण आज ताबा घेतला आणि दीड वर्षात इमारत रिकामी करायची वेळ आली, तर आई-बाबांना त्या वयात आणखी दोनदा सामान हलवावं लागेल. शेवटच्या दोन-तीन सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं मागा. विकणारा दाखवायला खळखळ करू लागला तर काय समजायचं ते समजा.

लिफ्ट आहे म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही. जुन्या इमारतीला मागाहून लावलेली लिफ्ट पुष्कळदा जिन्याच्या मधल्या टप्प्यावर थांबते, आणि तिथून आठ-दहा पायऱ्या उरतातच. जाहिरातीत ‘लिफ्ट आहे’ एवढंच लिहितात. वीज गेल्यावर ती जनरेटरवर चालते का ते वॉचमनला विचारा, सेक्रेटरीला नको. पार्किंगपासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत ते मोजा. बाथरूमचा उंबरठा, फरशी, कमोडशेजारी दांडा बसवता येईल अशी भिंत, आणि दार बाहेर उघडतं का हे बघा. दार आत उघडत असेल आणि माणूस आतच पडला तर बाहेरून ढकलता येत नाही. हे बदलायला सुताराचा एक दिवस लागतो, पण ते राहायला यायच्या आधी व्हायला हवं. पश्चिमेची खोली आई-बाबांना देऊ नका, मे महिन्यात दुपारी चार ते आठ तिथे बसवत नाही.

घर दोनदा बघा, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी सातला. दुसऱ्या वेळी आई-बाबांना बरोबर आणा आणि गाडी कोपऱ्यावर उभी करून घरापर्यंत चालत या. दूध, भाजी, औषधाचं दुकान, देऊळ आणि बसायला एखादा बाक इतकं त्या चालण्याच्या टप्प्यात आलं पाहिजे, आणि मधे सहा पदरी रस्ता ओलांडायला लागता कामा नये. बाणेर-बावधनच्या मोठ्या संकुलांत आत बाग, क्लब सगळं असतं. पण फाटकाबाहेर पायी जाण्यासारखं फारसं काही नसतं, आणि काही ठिकाणी उन्हाळ्यात टँकरशिवाय भागत नाही. टँकरचा खर्च महिन्याच्या मेंटेनन्समध्ये धरला आहे की वेगळा, हेही विचारून घ्या.

आता नाव कुणाचं. इथे घाई आणि भावना दोन्ही नुकसान करतात. साताऱ्याचं घर बाबांच्या नावावर असेल तर विक्रीतला भांडवली नफा, म्हणजे घराच्या खर्चापेक्षा विक्रीत जास्त मिळालेली रक्कम, त्यांचा आणि त्यावरचा करही त्यांनाच. तो कर वाचवायचा तर नफ्याची रक्कम विक्रीनंतर दोन वर्षांत (किंवा विक्रीआधीच्या एका वर्षात) राहत्या घरात गुंतवावी लागते, बांधणार असाल तर तीन वर्षं मिळतात. पण ते नवं घर विकणाऱ्याच्या नावावर हवं. पैसे बाबांचे आणि फ्लॅट फक्त तुमच्या नावावर, असं केलंत तर सवलतीवरून प्राप्तिकर खात्याशी वाद ओढवून घ्याल. नोंदणीच्या आधी सीएला अर्धा तास द्या, नोंदणी झाल्यावर त्याच्याही हातात फारसं काही राहत नाही.

महाराष्ट्रात एकट्या स्त्रीच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे. तुमचा टू बीएचके बायकोच्या नावावर घ्यायचा विचार त्यासाठी जरूर करा, ८५ लाखांवर ८५ हजार वाचतात. मात्र संयुक्त नावात पुरुष आला की सूट गेली. बाबांच्या पैशातून घ्यायच्या वन बीएचकेला हा मोह नको, तिथे भांडवली नफ्याची बाजू जड आहे.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. आई-वडिलांनी राहतं घर मुलाला किंवा मुलीला बक्षीसपत्रानं दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, जिथे स्थानिक अधिभार असेल तिथे तो वेगळा. उलट दिशेनं, म्हणजे मुलानं आई-वडिलांना दिलं तर ही सवलत नाही. म्हणजे बाबांकडून तुमच्याकडे येणं नंतर कधीही स्वस्त आहे, तुमच्याकडून बाबांकडे जाणं महाग. मग आज सगळं तुमच्या नावावर करायची घाई कशाला? वयस्क माणसानं आपल्या डोक्यावरचं छप्पर आपल्याच नावावर ठेवावं, असं माझं ठाम मत आहे, मुलगा कितीही चांगला असो. पुढची सोय मृत्युपत्रानं होते. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार लागतात. नोंदवलेलं बरं, एवढंच. सोसायटीत नॉमिनेशन केलं म्हणजे वारसा ठरला असं मात्र समजू नका. नॉमिनीच्या नावानं सोसायटी व्यवहार करते, मालकी वारसांचीच राहते.

बहिणीचा उल्लेख तुम्ही एका शब्दात केला आहे. जागा बाबांनी स्वतःच्या कमाईतून घेतली असेल तर विकायला तिची सही लागत नाही. वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीपासून तिचा हक्क तुमच्याइतकाच आहे. कायदा काहीही असो, तिला आधी सांगा, आणि बाबांनीच सांगू दे. माहेर विकलं गेल्याची बातमी दुसरीकडून कळलेल्या बहिणी मी बऱ्याच पाहिल्या आहेत, आणि पैशावरून न झालेली भांडणं त्यावरून झालेली पाहिली आहेत. वन बीएचके बाबांच्या नावावर राहिला तर तिच्यासाठीही तो आई-बाबांचंच घर राहतो, दादाच्या घरी पाहुणी म्हणून जावं लागत नाही.

तेव्हा क्रम असा राहील. आधी भाड्याचं वन बीएचके आणि एक वर्ष. मधल्या काळात तुमचा टू बीएचके. मग सगळ्यांशी बोलून साताऱ्याचा निर्णय, आणि विकायचं ठरलंच तर बाबांच्या नावावर शेजारी छोटं घर. टू बीएचके घेताना पितृपक्षात बघायला बाहेर पडा. त्या पंधरवड्यात गिऱ्हाईक कमी असतं आणि विकणारा दोन पावलं खाली येतो. सही दसऱ्याला करा हवं तर.

भाड्याच्या घराबद्दल दोन-तीन गोष्टी, कारण तुमचं पहिलं काम तेच आहे. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाड्याचा, करार नोंदवलेलाच हवा. ती जबाबदारी कायद्यानं मालकाची असली तरी आग्रह तुम्ही धरा. ऑनलाइन नोंदणीसाठी माणूस अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, बाबांना कुठे रांगेत उभं राहावं लागत नाही. करार बाबांच्या नावानं करा, भाडं तुम्ही भरलंत तरी चालेल. लॉक-इन, म्हणजे ज्या मुदतीत घर सोडता येत नाही ती, तीन महिन्यांपेक्षा जास्त घेऊ नका आणि सोडायची नोटीस एक महिन्याची लिहून घ्या, नाहीतर मन लागलं नाही तरी डिपॉझिटसाठी बसून राहावं लागतं. साताऱ्याहून सगळं सामान आणू नका. टेम्पोभर पुरे: त्यांचा पलंग, आईचा देव्हारा आणि रोजची भांडी. शोकेस, दिवाण आणि मोठं कपाट तिकडेच राहू दे. आमच्याकडच्या वन बीएचकेत दिवाण वळणावर अडकतो.